घर जमिनीतून काय ओढून घेतं

भिंतीवर वर्षानुवर्षं टांगलेली एखादी तसबीर उतरवा. काचेवरची धूळ पुसा, साबणाने धुवा, घासून लख्ख करा. तरीही त्या काचेत एक नोंद उरतेच. पृष्ठभागाच्या किंचित खाली, मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी खोलीवर, शिशाचे किरणोत्सारी अणू रुतून बसलेले असतात. कारखान्यात काच ओतली तेव्हा ते तिथे नव्हते. घरातल्या हवेतून, वर्षामागून वर्षं, एकेक करत ते आत घुसले. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात फुप्फुसाच्या कर्करोगाचा एक मोठा अभ्यास झाला. किमान वीस वर्षं एकाच घरात राहिलेल्या स्त्रिया त्यासाठी निवडल्या होत्या, आणि त्यांच्या घरातल्या अशा जुन्या काचाही संशोधकांनी तपासल्या. घरातल्या माणसांनी गेल्या काही दशकांत कसली हवा छातीत घेतली, याचा अंदाज काच देते.

ही नोंद करणारा वायू म्हणजे रेडॉन. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. तो जगातल्या प्रत्येक घरात आहे, तुम्ही हा लेख वाचत बसला आहात त्या खोलीतही आहे. पण एका घरात तो नावापुरता असतो आणि त्याच गल्लीतल्या दुसऱ्या घरात शंभर पटींनी जास्त असू शकतो. असं का होतं याचं उत्तर शोधत गेलो की एका टोकाला ताऱ्यांचा मृत्यू लागतो आणि दुसऱ्या टोकाला न्हाणीघराच्या नळाभोवतीची फट. एवढ्या अंतराची गोष्ट सांगणारा दुसरा वायू मला माहीत नाही.

आधी पेनसिल्व्हेनियातली एक हकीकत.

साल १९८४, महिना डिसेंबर. लिमरिक इथे नवं अणुवीज केंद्र उभं राहत होतं आणि स्टॅन्ली वॉट्रस हे अभियंते तिथे कामाला होते. केंद्राच्या दाराशी किरणोत्सर्ग मोजणारी यंत्रं बसवलेली होती. बाहेर पडणाऱ्या कामगाराच्या अंगाला, कपड्यांना काही लागलेलं नाही ना, हे ती तपासत. वॉट्रस जवळ आले की यंत्राचा इशारा वाजू लागे. केंद्रातून अजून वीजनिर्मितीच सुरू झाली नव्हती, मग अंगाला लागलं तरी काय? अखेर एके दिवशी कामाला हात लावण्याआधी, नुकते घरून आलेले असतानाच ते यंत्रापुढे उभे राहिले. इशारा वाजला. म्हणजे ते केंद्रातून काही घरी नेत नव्हते, घरून केंद्रात आणत होते.

बॉयरटाउनजवळच्या त्यांच्या घरातली हवा मोजली गेली तेव्हा तपासणाऱ्यांचा आकड्यावर विश्वास बसेना. दर घनमीटर हवेत सुमारे १ लाख बेकरेल. एका सेकंदाला एक अणू फुटला तर तो एक बेकरेल. म्हणजे त्या घरातल्या प्रत्येक घनमीटर हवेत दर सेकंदाला लाखभर अणू फुटत होते. उघड्यावरच्या हवेत हा आकडा साधारण ५ ते १५ असतो, जगभरातल्या घरांची सरासरी ४० च्या आसपास आहे, आणि अमेरिकेत १४८ च्या वर गेलं की घराची दुरुस्ती करा असं सांगितलं जातं. वॉट्रस कुटुंबाला लहान मुलांसह घर सोडावं लागलं. आणि शेजारचं घर? तिथली पातळी याच्या तुलनेत अगदीच क्षुल्लक निघाली. जमीन तीच, हवामान तेच, आणि तरी हा फरक.

हा फरक कळायला खडकाच्या आत, अगदी अणूपर्यंत उतरावं लागतं.

पृथ्वीवरचं युरेनियम पृथ्वीवर तयार झालेलं नाही. सूर्य जन्माला येण्याआधी, ताऱ्यांच्या स्फोटांत आणि टकरींत ते घडलं. ज्या धुळीपासून पृथ्वी बनली त्या धुळीत ते आधीपासून होतं. त्याचं अर्धायुष्य सुमारे ४५० कोटी वर्षं आहे, जवळपास पृथ्वीच्या वयाइतकं. म्हणून आरंभी होतं त्यातलं निम्मं अजून शिल्लक आहे. भूकवचात ते सगळीकडे थोडंथोडं विखुरलेलं आहे, टनाला दोन-तीन ग्रॅम. ते हळूहळू फुटतं, दुसरं मूलद्रव्य बनतं, तेही फुटतं, तिसरं बनतं. या साखळीत पुढे रेडियम येतं, आणि रेडियम फुटलं की रेडॉन.

साखळीतली बाकी सगळी मूलद्रव्यं घन आहेत. ती खडकात जन्मतात आणि खडकातच मरतात. रेडॉन तेवढा वायू आहे, आणि वायूही असा की तो कुणाशी रासायनिक नातं जोडत नाही. त्याला कोणी धरून ठेवत नाही. म्हणून कोट्यवधी वर्षं दगडात अडकून पडलेल्या या वंशातला तो एकटाच बाहेर पडू शकतो. त्याच्याजवळ वेळ मात्र फार थोडा असतो. त्याचं अर्धायुष्य ३.८ दिवसांचं आहे. तेवढ्यात दगडातून माती, मातीतून फट, फटीतून घर असा प्रवास झाला तर झाला, नाहीतर तो वाटेतच फुटून पुन्हा घन होतो आणि मातीतच राहतो.

आणि पहिलं पाऊल तर सर्वांत अवघड. रेडियमचा अणू फुटतो तेव्हा एक अल्फा कण एका दिशेला सुटतो आणि उरलेला गाभा, म्हणजे नवजात रेडॉन, उलट्या दिशेला फेकला जातो. बंदुकीच्या दस्त्याला धक्का बसतो तो याच नियमाने. पण दगडाच्या आत हा अणू जातो तरी किती लांब? मिलिमीटरचा सुमारे तीस हजारावा भाग! वाळूचा एक कण घेतला तर त्याच्या पोटात जन्मलेला जवळजवळ प्रत्येक रेडॉन अणू तिथेच अडकतो. कणाच्या अगदी पृष्ठभागालगत जे जन्मतात त्यांनाच सुटण्याची संधी.

सुटून तरी काय? दोन कणांमधली पोकळी कोरडी असली तर अणू ती ओलांडून समोरच्या कणात जाऊन रुततो. तिथे पाण्याचा नुसता पातळ थर असला तरी तो अणूला थोपवतो आणि अणू पोकळीतच राहतो, पुढच्या प्रवासाला मोकळा. म्हणून किंचित ओलसर माती कोरड्या मातीपेक्षा जास्त रेडॉन सोडते. मात्र तीच माती पाण्याने तुडुंब भरली की वायूची वाटच बंद होते. किती युरेनियम आहे एवढंच विचारून भागत नाही ते यामुळे. ते कणाच्या पोटात आहे की कडेला, कण मोठे की बारीक, दगड सलग की चुरलेला, ओल किती, हे सगळं विचारावं लागतं.

वॉट्रस यांच्या घराखालच्या जमिनीत ही सगळी उत्तरं एकाच दिशेने जात होती. रीडिंग प्राँग नावाचा सुमारे १०० कोटी वर्षं जुन्या खडकांचा एक पट्टा पेनसिल्व्हेनियातल्या रीडिंग शहराजवळून निघतो आणि न्यू जर्सी, न्यू यॉर्क ओलांडत कनेटिकटपर्यंत जातो. या पट्ट्यात युरेनियम आहे, पण सगळीकडे सारखं नाही. भूगर्भातल्या प्रचंड दाबाने जिथे खडक एकमेकांवर सरकले, घासले, भरडले गेले, अशा अरुंद पट्ट्यांत ते गोळा झालं आहे. भरडलेला खडक म्हणजे बारीक कण, भरपूर पृष्ठभाग आणि वायूला वर यायला आयत्या वाटा. असा पट्टा काही मीटरच रुंद असू शकतो. एक घर त्यावर आलं आणि शेजारचं त्याच्या बाहेर राहिलं, की एवढा फरक पडू शकतो.

केवळ ग्रॅनाईट म्हणजे धोका आणि बाकी सगळं ठीक, असं मानणाऱ्यांना युरोपातली तीन ठिकाणं दाखवावीशी वाटतात. ऑस्ट्रियात टिरोल प्रांतात उमहाउझेन नावाचं गाव आहे. नऊ हजारांहून जास्त वर्षांपूर्वी तिथल्या डोंगराचा एक अवाढव्य कडा कोसळला. त्या खडकात युरेनियम काही विलक्षण नाही, पण कोसळताना त्याचा असा चुरा झाला की रेडॉनला सुटायला दारंच दारं मिळाली. १९९० च्या दशकात तिथे मोजमापं झाली तेव्हा गावाच्या एका भागातल्या घरांत पातळी दुसऱ्या भागापेक्षा सुमारे दहा पट निघाली. आयर्लंडमधलं केरी परगण्यातलं कॅसलआयलंड चुनखडीच्या प्रदेशात आहे. चुनखडीत युरेनियम एरवी कमीच, पण पाण्याने पोखरून तिच्यात पोकळ्या आणि भुयारं होतात आणि वायू त्यांतून दुरून येतो. २००३ साली तिथल्या एका घरात ४९,००० बेकरेल सापडले.

तिसरं ठिकाण माझ्या विशेष आवडीचं. फिनलंडमधल्या टांपेरे शहरात पिस्पाला नावाची वस्ती आहे. हिमयुगातल्या बर्फाखालून वाहणाऱ्या नद्यांनी वाळू-गोट्यांचा एक लांबलचक उंच बांध तिथे रचून ठेवला आहे, आणि ही वस्ती त्या बांधावर वसली आहे. गोट्यांमधून हवा सहज फिरते. हिवाळ्यात बांधाच्या पोटातली हवा बाहेरच्या गोठलेल्या हवेपेक्षा उबदार, म्हणून हलकी असते. ती वर चढते, माथ्यावरून बाहेर पडते आणि तिची जागा घ्यायला पायथ्याकडून थंड हवा आत शिरते. उन्हाळ्यात सगळं उलटं होतं: आतली हवा गार आणि जड, ती खाली उतरते आणि पायथ्याशी बाहेर येते. परिणाम असा की माथ्यावरच्या घरांत रेडॉन हिवाळ्यात वाढतो आणि पायथ्याच्या घरांत उन्हाळ्यात. अख्खी टेकडी ऋतूप्रमाणे श्वासाची दिशा बदलते! तिथे नुसतं हिवाळ्यात मोजून घराबद्दल निर्णय घेतला असता तर उतारावरच्या कितीतरी घरांबद्दल तो चुकला असता.

इथपर्यंत जमिनीची बाजू झाली. पण जमिनीतला वायू घरात आपण होऊन फारसा येत नाही. घर त्याला ओढतं.

चुलीवरच्या धुराड्यातून धूर वर जातो तो गरम हवा हलकी असते म्हणून. थंड प्रदेशातलं तापवलेलं घर म्हणजे तसंच एक धुराडं. आतली उबदार हवा वरच्या मजल्यावरून, माळ्यावरून, खिडक्यांच्या फटींतून निसटते. तेवढी हवा खालून आत यायला हवी. तिच्यातली बरीचशी दारं-खिडक्यांतून येते, पण थोडी जमिनीतून येते: तळघराच्या फरशीतल्या भेगांतून, भिंत आणि फरशीच्या सांध्यातून, पाण्याच्या नि सांडपाण्याच्या नळांभोवतीच्या मोकळ्या जागेतून, पावसाचं झिरपलेलं पाणी साठवायला खणलेल्या खड्ड्यातून. हा ओढणारा दाब किती? दोन-चार पास्कल. पाणी मिलिमीटरच्या दहाव्या भागाने वर चढवायला लागेल एवढा दाब म्हणजे एक पास्कल. वातावरणाचा दाब एक लाख पास्कल असतो. त्यातल्या दोन-चारांनी सगळी गोष्ट ठरते.

आकडे मांडून पाहिले की हे पटतं. मातीच्या पोकळ्यांमधल्या हवेत रेडॉन घनमीटरला वीस हजार बेकरेल असणं ही अगदी सामान्य बाब आहे. घरात येणाऱ्या एकूण हवेपैकी फक्त शंभरावा भाग जरी जमिनीतून आला, तरी घरातली पातळी दोनशेला जाऊन पोचते. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली शंभरची पातळी सुचवली, आणि स्थानिक परिस्थितीमुळे ते जमणारच नसेल तर तीनशेच्या वर जाऊ नये असं म्हटलं. म्हणजे साधी सुस्थितीतली जमीनही एखाद्या ‘ओढाळ’ घराखाली आली तर मर्यादा ओलांडू शकते. उलट, जमीन वाईट असून घराचा तळ घट्ट असेल तर रहिवाशांना काही जाणवतही नाही.

मग रोजच्या राहण्यातल्या किती बारीक गोष्टी यात येतात! स्वयंपाकघरातला धूर बाहेर फेकणारा पंखा, कपडे वाळवायचं यंत्र, शेकोटी, हे सगळे घरातली हवा बाहेर टाकतात आणि जमिनीकडची ओढ वाढवतात. वादळाआधी हवेचा दाब उतरला की माती आतला वायू सोडते. मुसळधार पावसाने किंवा बर्फाने घराभोवतीची जमीन झाकली गेली की वायूला वर यायला घराखालचा कोरडा तुकडा तेवढा उरतो. रात्री खिडक्या बंद, म्हणून पहाटे पातळी जास्त. दुपारी कमी. हिवाळ्यात जास्त, उन्हाळ्यात बहुधा कमी. खिडकी उघडणं हा उपाय खरा, पण त्यातही खोच आहे: थंडीत फक्त वरच्या मजल्यावरची खिडकी उघडली तर धुराड्याचं तोंड मोठं केल्यासारखं होतं आणि खालून ओढ वाढू शकते. खालच्या मजल्यावर समोरासमोरच्या खिडक्या उघडल्या तर मात्र दाब सारखा होतो आणि पातळी झपाट्याने उतरते.

बांधकामाचं सामान आणि पाणी हे दोन मार्ग त्या मानाने दुय्यम. स्वीडनमध्ये १९२९ ते १९७५ या काळात युरेनियमयुक्त काळ्या शेल खडकापासून हलकं, निळसर काँक्रीट बनवलं जात होतं. त्या भिंती स्वतःच रेडॉन सोडतात. ग्रॅनाईटमध्ये खोदलेल्या विंधन विहिरींच्या पाण्यातही तो विरघळलेला असतो आणि शॉवरखाली उसळून हवेत येतो. पाण्यात दहा हजार असेल तर घरातल्या हवेत साधारण एकाची भर, असा ढोबळ हिशेब आहे. आपल्याकडे लोक विचारतात ते ग्रॅनाईटच्या ओट्याबद्दल. ओट्याच्या पातळ लादीतून येणारा रेडॉन बहुतेक वेळा मोजमापात वेगळा काढता येणार नाही इतका थोडा असतो. ओट्याची काळजी सोडा आणि तळमजल्याच्या फरशीकडे बघा.

आता, हा वायू छातीत गेला म्हणून बिघडतं काय? गंमत अशी की रेडॉन स्वतः फारसा अपाय करत नाही. श्वासाबरोबर आत जातो, श्वासाबरोबर बाहेर येतो. अपाय करतात त्याचे वंशज. रेडॉन फुटला की पोलोनियम तयार होतं, मग शिसं, मग बिस्मथ, मग पुन्हा पोलोनियम, सारं तासाभराच्या आत. हे सगळे धातू. ते धुळीच्या, धुराच्या कणांना चिकटतात. कपड्यांना, भिंतींना, काचेला चिकटतात. वॉट्रस यांच्या अंगावरून यंत्राने ओळखले ते हेच. आणि श्वासनलिकेच्या फाट्यांवर ते बसले की तिथेच फुटतात. त्यातून सुटणारा अल्फा कण साध्या कागदाने अडतो, कातडीच्या मृत थरानेही अडतो. पण फुप्फुसाच्या आत ना कागद, ना मृत थर. तो सरळ जिवंत पेशीत घुसतो आणि तिच्यातल्या डीएनएचे तुकडे करतो. बहुतेक वेळा पेशी ते सांधते किंवा मरते. क्वचित एखादी चुकीचं सांधून जगत राहते.

खाणकामगारांनी याची किंमत फार आधी मोजली. जर्मनी आणि चेकियाच्या सीमेवरच्या डोंगरांतल्या श्नेबर्ग आणि याखिमोव्हच्या खाणींत तरुण माणसं छातीच्या आजाराने मरत. १५५६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या खाणविद्येच्या ग्रंथात अग्रिकोला यांनी नोंदवलं आहे की कार्पेथियन डोंगरांतल्या खाणींच्या परिसरात सात-सात नवरे गमावलेल्या बायका होत्या. १८७९ साली हार्टिंग आणि हेसे या दोघा डॉक्टरांनी श्नेबर्गच्या कामगारांचा आजार हा फुप्फुसाचा कर्करोग असल्याचं दाखवलं. रेडॉनचा शोध लागायला तेव्हा आणखी वीस वर्षं होती. याखिमोव्हच्याच खनिजातून पुढे मेरी आणि पिएर क्यूरी यांनी रेडियम वेगळं केलं.

घरांबद्दलचा पुरावा यायला विसावं शतक संपावं लागलं. २००५ साली युरोपातल्या १३ अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झालं: दीर्घकाळाची पातळी दर शंभर बेकरेलने वाढली की फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका सुमारे १६ टक्क्यांनी वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते देशादेशांनुसार फुप्फुसाच्या कर्करोगाच्या ३ ते १४ टक्के रुग्णांमागे रेडॉन असतो. अमेरिकेत त्यामुळे वर्षाला सुमारे २१ हजार मृत्यू होतात असा तिथल्या पर्यावरण संस्थेचा अंदाज आहे. धूम्रपान करणाऱ्यांना हा धोका कितीतरी पटींनी जास्त असतो, म्हणून विडी-सिगारेट सोडणं हा रेडॉनवरचाही पहिला उपाय आहे. हे कळकळीने सांगावंसं वाटतं, कारण घर दुरुस्त करून घेणारी माणसंही हे विसरतात.

आणि हे सगळं घडवणाऱ्या वायूचं प्रमाण किती असावं? शंभर बेकरेलच्या हवेत घनमीटरमागे रेडॉनचे पावणेपाच कोटी अणू असतात. आकडा मोठा वाटतो, पण हवेच्या सुमारे पाच हजार कोटी कोटी रेणूंमागे एक, असं त्याचं प्रमाण पडतं. इतकी विरळ गोष्ट एरवी कुठल्याच यंत्राला सापडली नसती. सापडते ती केवळ फुटताना आवाज देते म्हणून. सरासरी घरातल्या, तीन मीटर लांब-रुंद-उंच अशा एका खोलीत दर सेकंदाला हजारभर अणू फुटत असतात. आत्ताही.

ते मोजायची एक पद्धत तर अतिशय सुंदर आहे. चष्म्याच्या काचांसाठी वापरतात त्या सीआर-३९ नावाच्या प्लास्टिकचा नखाएवढा तुकडा एका डबीत घालून तीन महिने खोलीत ठेवतात. वीज नाही, बटण नाही. प्रत्येक अल्फा कण त्या प्लास्टिकवर अदृश्य ओरखडा उमटवतो. नंतर प्रयोगशाळेत गरम कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात तुकडा बुडवला की ते ओरखडे खोल होतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली चक्क मोजता येतात. आपल्या देशात भाभा अणुसंशोधन केंद्राने याच तत्त्वावर एलआर-११५ ही फिल्म वापरून डब्या तयार केल्या आणि विद्यापीठांच्या मदतीने देशभरातली घरं मोजली.

आपल्या भूमीबद्दल बोलायचं तर महाराष्ट्राच्या बहुतेक भागाला भूगर्भाने झुकतं माप दिलं आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी उसळलेल्या लाव्हाचा काळा पाषाण, बेसाल्ट, आपल्या पायाखाली आहे आणि त्यात युरेनियम टनाला एक ग्रॅमहूनही कमी असतं. ग्रॅनाईटमध्ये ते तीन ते पाच ग्रॅम. पण सगळा महाराष्ट्र बेसाल्टचा नाही. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरचा काही भाग, दक्षिण सिंधुदुर्ग आणि पुढे गोवा इथे फार जुने ग्रॅनाईटसारखे आणि पट्टेदार खडक आहेत. शिवाय आपल्या घरांची घडणही आजवर आपल्या बाजूने होती: उघड्या खिडक्या, तळघर नाही, आत-बाहेर तापमानात फारसा फरक नाही. मातीच्या भिंती आणि सारवलेली जमीन असलेल्या घरांत मात्र, देशाच्या इतर भागांतल्या मोजमापांत, सिमेंटच्या घरांपेक्षा पातळी जास्त आढळली आहे. आणि आता शहरांत तळघरात दवाखाने, कचेऱ्या, व्यायामशाळा आल्या आहेत; तळमजल्याच्या खोल्या एसीसाठी रात्रभर बंद राहू लागल्या आहेत. जमीन तीच राहिली, घर बदललं. बेसाल्टवर विसंबून याकडे दुर्लक्ष करणं मला बरोबर वाटत नाही.

अमेरिकेतल्या मराठी घरांची गोष्ट वेगळी आहे. न्यू जर्सीत एडिसनच्या आसपास राहणाऱ्यांना राज्याच्या वायव्य भागातून जाणारी रीडिंग प्राँग गाडीने तासाभराच्या अंतरावर आहे. पेनसिल्व्हेनियात तर सुमारे ४० टक्के घरं दुरुस्तीच्या मर्यादेपलीकडे आहेत असं तिथलं राज्य सरकार सांगतं. तिकडे घर घेताना रेडॉनची चाचणी बहुधा होते, पण ती दोन-चार दिवसांची, आणि नंतर कुणी परत मोजत नाही. मग त्याच तळघरात मुलांची खेळण्याची खोली होते, घरून काम करायचं टेबल येतं, भारतातून आलेल्या आई-वडिलांची सहा महिने झोपायची सोय होते.

सापडला तर उपाय साधा आहे. वॉट्रस यांचं घर वीज कंपनीने दुरुस्त केलं आणि काही महिन्यांत कुटुंब तिथे परत राहायला गेलं. लाखाची पातळी मर्यादेखाली आली होती. फरशीला भोक पाडून एक पाइप खालच्या खडीपर्यंत सोडायचा, तो छपराच्या वर न्यायचा आणि मध्ये चोवीस तास चालणारा छोटा पंखा बसवायचा. मग घरापेक्षा फरशीखालचा दाब कमी होतो, ओढीची दिशा उलटते आणि वायू घरात न येता थेट आकाशात जातो. बरोबर बसवलेल्या पंख्याने पातळी नव्वद-पंच्याण्णव टक्के उतरू शकते. नवीन घर बांधताना फरशीखाली खडीचा थर, जाड प्लास्टिक आणि एक मोकळा पाइप घालून ठेवला तर काम आणखी स्वस्तात होतं.

तेव्हा शेजाऱ्याच्या आकड्यावर, गावाच्या नकाशावर किंवा घराच्या नवेपणावर जाऊ नका. आपलं घर आपण मोजा. डबी जमिनीला लागून असलेल्या सर्वांत खालच्या राहत्या मजल्यावर, झोपायच्या किंवा बसायच्या खोलीत, खिडकीपासून आणि पंख्याच्या झोतापासून दूर, किमान तीन महिने ठेवा. घराची दुरुस्ती केली, खिडक्या बदलल्या किंवा तळघर राहतं केलं, की पुन्हा मोजा.